चांगुणाचा मेलेला डोळा

त्या माळावर सावली नावाची गोष्ट नव्हती, म्हणून माझा पांढरा तंबू फार दुरून दिसे. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. त्र्याहत्तरच्या जानेवारीत पाथर्डीच्या पूर्वेला एका पाझर तलावाचे काम निघाले आणि आरोग्य केंद्रातून मला तिथे ड्रेसर म्हणून पाठवण्यात आले. तलावात पाणी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याआधी त्याचे पोट रिकामे करायचे होते. वाळलेल्या बाभळींची खोडे, निवडुंगाची बेटे आणि सर्वांत जास्त म्हणजे काळे धोंडे. हे धोंडे इतक्या निश्चिंतपणे पसरलेले होते, की आम्हीच त्यांच्या घरात आगंतुकासारखे शिरलो आहोत असे मला पहिल्या दिवशी वाटले, आणि तो संकोच पुढे कधीच पुरता गेला नाही.

जे धोंडे हातांनी हलत ते बायका-माणसे रेटून कडेला नेत. जे हलत नसत त्यांना पहारीने भोके पाडून, सुरुंगाची दारू भरून बार उडवत. उरलेले तुकडे घणाने फोडत. या सगळ्यात कपच्या उडत. घणाच्या कपच्या बारीक आणि तत्पर असत. घाव पडतो न पडतो तोच त्या कातडीत शिरत. बाराच्या कपच्यांची रीत वेगळी होती. आवाज विरून जाई, धूर पांगू लागे, आता संपले असे वाटून माणूस मान वर करी, आणि मग त्या आभाळातून सावकाश परत येत.

त्या कपच्या माणसांच्या अंगातून काढणे हे माझे काम. पापणी काडीवर उलटी करायची, ओल्या कापसाच्या टोकाने खडा टिपायचा, पट्टी बांधायची. दिवसभर इतक्या डोळ्यांत मी इतक्या जवळून पाहत असे, की संध्याकाळी माणसांच्या डोळ्याला डोळा देण्याचे मला भय वाटे.

चांगुणाच्या डाव्या डोळ्याला कपची लागली ती होळीच्या सुमारास. बार उडवणाऱ्या बन्सीची ती बायको. बन्सी उंच, हडकुळा, सदा थट्टेच्या सुरात बोलणारा. भोके तोच पाडी, वात तोच पेटवी आणि पेटवून सगळ्यांच्या मागून धावत सुटे. चांगुणा घमेली वाही. त्या दिवशी बार उडाल्यावर नवरा धुरातून बाहेर आला की नाही हे पाहण्यासाठी तिने मान वर केली होती. तिला तंबूत आणले तेव्हा मी पापणीला हातही लावला नाही. कपची बुबुळातून आत गेली होती. मी वरून स्वच्छ पट्टी बांधली आणि खडीच्या ट्रकमधून तिला घेऊन नगरला गेलो.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे समजावले. हा डोळा मेला आहे. तो काढून टाकला पाहिजे. मेलेला डोळा तसाच राहिला तर कधीकधी शरीर त्याच्यावर चिडते आणि तो राग जिवंत डोळ्यावर काढते. उजव्या डोळ्याला ऊन सोसेनासे झाले, त्यातून पाणी येऊ लागले, समोर ठिपके तरंगू लागले, की समजायचे वेळ संपत आली. मग दोन्ही जातील.

"काढायचा म्हंजी खोबणी मोकळी दिसनार," चांगुणा म्हणाली. "नगं. चांदीचा डोळा वाहीन देवीला."

आम्ही परत आलो. आठवडा-दीड आठवडा गेला आणि तिने पुन्हा घमेले उचलले.

त्यानंतरची पहिली गोष्ट मी माझ्या तंबूच्या दारातून पाहिली. दुपारची सुकडी वाटली जात होती. गोरक्ष नावाचा एक गडी रांगेत उभा होता. चांगुणा त्याच्यापुढे थांबली.

"तुझ्या गालाला काय लागलंय रं?"

"काय लागनार? तुझी नजर लागली आसंल, वैनी," तो म्हणाला, आणि रांग हसली.

तिने पदराने त्याचा गाल पुसला. पुन्हा पुसला. मग पदराकडे पाहिले आणि निघून गेली. सुकडी खाऊन झाल्यावर बार उडाला. गोरक्षचा गाल कानापासून ओठापर्यंत फाटला. टाके घालताना चांगुणाने पुसलेली जागा मला नेमकी आठवत होती.

दुसऱ्यांदा तिने आक्काबाईचा हात धरून तिला तिच्या नेहमीच्या जागेवरून ओढून नेले. म्हातारी शिव्या देत गेली. ती बसायची त्या दगडावर बार उडाल्यावर डोक्याएवढा धोंडा येऊन पडला. तिसऱ्यांदा एका बाईला तिने दिवसभर घरीच राहायला लावले. त्या दिवशी त्या बाईचे रिकामे घमेले कपच्यांनी चाळणीसारखे झाले. त्यानंतर कुणी हसले नाही.

श्रीमंत नावाचा आमचा मुकादम जाडजूड, व्यवहारी माणूस. त्याने कुणालाही न विचारता एक रीत पाडली. बार उडवण्याआधी सगळ्यांनी चांगुणाला तोंड दाखवायचे. तोडलेल्या बाभळीच्या बुंध्यावर ती बसे. उजवा डोळा पदराने झाकून घेई आणि डावा, साय धरलेल्या दुधासारखा पांढुरका झालेला डोळा प्रत्येकाकडे वळवी. माणसे एकेक करून पुढे येत, क्षणभर थांबत, बाजूला होत. कुणी तिला हात जोडत. ती ते पाहू शकत नसे. ज्याला ती "तू जा" म्हणे तो मुकाट्याने गावाची वाट धरी.

माझी पेटी बंद राहू लागली. कापूस तसाच, आयोडीनची बाटली भरलेली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो मूठभर पाण्यासारखा होता, धरला की जाणारा.

एकदा मी तिला विचारले, "तुला दिसते तरी काय?"

"डाग." तिने घमेले खाली ठेवले. "काळा. भिंतीला तेलाचं बोट लागल्यावानी."

"या डोळ्याने?"

"ह्यानंच. दुसरं काय बी दिसत न्हाई ह्यानं. मानूस बी न्हाई दिसत. समदा अंधार, अन् त्यात येकला डाग. पर कुनाचा हाय त्ये कळतं बघा, दादा."

तिने हे इतक्या सहज सांगितले, की ते बोलणे संपल्यावरच मला त्याची भीती वाटली. दुसऱ्याच्या दुखापतीखेरीज काहीही न पाहणारा डोळा कपाळाखाली बाळगून ती भाकरी थापत होती, पाणी भरत होती, नवऱ्याशी भांडत होती.

आणखी एक बदल झाला. पूर्वी बाराची आरोळी झाली की सगळी माणसे तलावाच्या बांधासाठी घातलेल्या भरावाच्या पलीकडे पळत, तोंडावर ओले फडके बांधत आणि जमिनीत तोंड खुपसून पालथी पडत. आता ज्यांच्यावर चांगुणाला डाग दिसला नाही ती भरावावर उभी राहून बार पाहू लागली. तोंडे उघडी, हात कमरेवर, जत्रेत दारूकाम पाहावे तशी. मी श्रीमंतला ते दाखवले.

"आडवं पडून काय करायचं, डाक्टर? ज्याला लागनार त्यो हितं हायेच कुठं?"

"तिची नजर चुकली तर?"

"आजवर चुकली का?"

चुकली नव्हती.

चैत्र लागला. एका दुपारी मी पाहिले, चांगुणा सूर्याकडे पाठ करून चालत होती. वळावे लागले की ती उजव्या डोळ्यावर हात धरी. मी तिला तंबूत बोलावले. "धूळ गेली आसंल," ती म्हणाली. धूळ नव्हती. बुबुळाभोवती लालसर कडे उगवले होते आणि पापणी उघडताच पाणी ओघळले.

मी बन्सीला गाठले. तो पहारीला धार लावून आणत होता. मी त्याला सगळे सांगितले, जितके सोपे करून सांगता आले तितके. तो पहारीचे टोक अंगठ्याने चाचपत राहिला.

"आंधळी व्हनार म्हनता?"

"हो. तो डोळा काढला नाही तर."

"तिला म्या किती सांगितलं. ऐकती का? माझं तिनं कधी ऐकलंय, की आता ऐकंल. तुमीच सांगा, तुमचं शिकलेल्याचं ऐकंल."

श्रीमंतचे म्हणणे वेगळे होते. तलावाच्या पोटात आता एकच मोठा धोंडा उरला होता. घराएवढा, बसलेल्या बैलासारखा. "त्यो येकदा फुटू द्या," तो म्हणाला. "मंग तिला खुशाल न्या. लोक तिच्याबिगर बाराला उभं ऱ्हानार न्हाईत. माझ्यावर रागावू नगा, मला पन मानसंच सांभाळायची हायेत."

त्याचे खोटे नव्हते. शेवटी मी तिलाच विचारले. ती बुंध्यावर बसली होती, उन्हाकडे पाठ करून.

"वात कोन पेटवतं, दादा?"

"बन्सी."

"मागनं कोन पळतं?"

तिने पदराच्या टोकाने उजवा डोळा टिपला.

"रोज पयलं त्येंचं तोंड बघते. मंग दुसऱ्यांचं. त्ये वात पेटवतात तवर ह्यो डोळा म्या द्यायची न्हाई. उजवा जातोय तर जाऊ दे."

"मग त्याला कधीच पाहू शकणार नाहीस."

"डाग तर दिसंल," ती म्हणाली.

तिच्या उजव्या डोळ्यासाठी मी दिवस मोजू लागलो, आणि ते किती उरले आहेत हे ठाऊक नसल्यामुळे ती मोजणी म्हणजे नुसती धडधड होती.

मोठ्या धोंड्याला भोके पाडून झाली. बार उडवायची दुपार आली. वारा पडला होता. पळसाच्या वाळक्या फांद्याही हलत नव्हत्या. चांगुणा बुंध्यावर बसली. त्या दिवशी तिने उजवा डोळा नीट झाकला नव्हता. पदर हाताशी येईना, किंवा दुखत असेल. पहिला बन्सी पुढे आला, नेहमीसारखा दात काढत.

"बघ. राजबिंडा हाय का न्हाई?"

ती ताठ झाली. "मागं सरा."

त्याचे हसू तसेच तोंडावर राहिले. तो मागे झाला. मग आक्काबाई आली. "तू बी." मग गोरक्ष, टाक्यांचा गाल घेऊन. "तू बी." पुढचा आला, त्याच्या पुढची आली. रांग सरकत होती आणि ती तोच शब्द म्हणत होती, तिचा आवाज दर वेळी थोडा खाली उतरत होता. अखेर श्रीमंत स्वतः पुढे येऊन उभा राहिला.

"समद्यास्नी हाय," ती म्हणाली.

कुणी पळाले नाही. श्रीमंतने टोपी काढून हातात घेतली. एवढी माणसे एकाच जागी इतकी स्तब्ध मी कधी पाहिली नव्हती. आपापल्या चेहऱ्यावर आपल्याला न दिसणारे काहीतरी आहे, हे कळलेली माणसे दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. तशी ती एकमेकांकडे पाहत होती.

मी पुढे झालो. मला एक शंका आली होती.

"चांगुणा, डाग स्थिर आहे की हलतो?"

ती गोंधळली. "हालतोय."

"आता आभाळाकडे बघ."

तिने मान वर केली. "हितं बी हाय. आभाळाला बी हाय."

"तो यांच्या तोंडावर नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. इतक्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो. "तो तिच्या उजव्या डोळ्यात आहे. तिचा चांगला डोळा जायला लागला आहे."

"कशावरनं?" श्रीमंत म्हणाला.

मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि माझा तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर घट्ट ठेवला. पापणी हाताखाली गरम होती, पकडलेल्या पाखरासारखी हलत होती.

"आता सांग."

मेलेला डोळा रांगेवरून फिरू लागला. तो कुणालाही पाहत नव्हता, तरी ज्याच्यावरून तो जाई तो माणूस श्वास धरी. बन्सीपाशी तो थांबला, फार वेळ थांबला.

"न्हाई," ती म्हणाली. "त्येंला न्हाई. कुनालाच न्हाई."

रांगेतून उसासा निघाला. आक्काबाई मटकन खाली बसली. मी हात काढणार, तेवढ्यात चांगुणाने मान वळवली. तो पांढुरका डोळा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथेच राहिला.

मला तिचा श्वास जाणवत होता. तिच्या बुबुळावरच्या सायीत एक बारीक चीर होती, कपची आत गेली त्या वाटेची. इतक्या जवळून मी ती पूर्वी पाहिली नव्हती. बन्सीच्या चेहऱ्यावरून मला कळले, की या वेळी डाग माझ्यावर होता.

तिने माझा हात बाजूला केला आणि उठून उभी राहिली.

"नगरला जायाचं हुतं न्हवं? चला."

"आत्ता?" बन्सी म्हणाला.

"आत्ता. ह्येंनी हितं थांबायचं न्हाई." मग ती श्रीमंतकडे वळली. "मी येईस्तवर बार उडवायचा न्हाई. भोकं तशीच ठिवा."

"बाई, डोळा काढून आल्यावर तू बघशील कशी?"

"बघनार न्हाई," ती म्हणाली. "पर हितं आसंन."

ट्रकमध्ये ती माझ्यासमोर बसली होती, पदर पूर्ण तोंडावरून ओढून. करंजीचा घाट उतरताना मी विचारले, डाग कुठे आहे. तिने आपलेच बोट आपल्या डाव्या भुवईवर ठेवले आणि क्षणभर तसेच धरले. मी नकळत माझ्या भुवईला हात लावला. तिथे घाम होता, बाकी काही नव्हते. मला ठाऊक होते, की मला वाचवण्यासाठीच ती दवाखान्यात चालली होती. आणि हेही, की मी तिला अडवणार नव्हतो.

मेलेला डोळा दुसऱ्या दिवशी काढला. उजव्याने मात्र पुष्कळ दिवस वाट पाहायला लावली. इंजेक्शने झाली, थेंब झाले. डॉक्टर रोज खिडकी थोडी अधिक उघडत आणि तिच्या पापणीकडे पाहत. एका सकाळी तिने खिडकीबाहेरच्या लिंबाला किती कोवळी पाने फुटली आहेत ते सांगितले. डॉक्टर म्हणाले, राहिला, थोडक्यात राहिला, आता याला जपा.

आम्ही परतलो तेव्हा वैशाख होता. तलावाच्या पोटातले सगळे निघून गेले होते. बुंधे नव्हते, निवडुंग नव्हते. मधोमध तो एकच धोंडा, आणि त्याच्या भोकांत चिंध्यांचे बोळे. माझी कपची अजून त्याच्या आत होती. ती दुसऱ्या कुठल्याही दगडात असती तर मी तिला ओळखले नसते. पण या धोंड्यासमोर उभे राहिलो की डाव्या भुवईखाली काहीतरी हलके खेचल्यासारखे होई.

बार उडवायची दुपार ठरली. कुणी सांगितले नव्हते, तरी माणसे सवयीने चांगुणासमोर रांगेत उभी राहिली. ती जमिनीवर बसली होती, रिकाम्या खोबणीवर पट्टी. तिने नकारार्थी मान हलवली. रांग मोडली नाही. थोडा वेळ सगळे तसेच उभे राहिले, आणि मग आक्काबाईने पाण्याच्या पिंपात फडके बुडवले, पिळले आणि तोंडाला बांधले. तिच्या मागून दुसरे, तिसरे. श्रीमंतने भरावाच्या पलीकडे आणखी दूर, एका घळीत सगळ्यांना नेले.

मी तिला हळूच विचारले, "तो डाग अजून असेल?"

"ज्यानं बघितला त्यो आता न्हाई, दादा." तिने माझ्याकडे उजव्या डोळ्याने पाहिले. स्वच्छ, तपकिरी, साधा डोळा. "ह्याला तुमचं तोंड तेवढं दिसतंय."

आम्ही पालथे पडलो. मी डाव्या भुवईवर तळहात दाबून धरला. चांगुणा माझ्या शेजारी होती, तिचा वाचलेला डोळा खाली मुरमाकडे वळवलेला. दुरून बन्सीची आरोळी आली, "बार हाय रं, बार," आणि मग धावणारी पावले. ती जवळ येत होती. मग ऐकू येईनाशी झाली.

जमीन एकदा आत ओढली गेल्यासारखी झाली. आवाज नंतर आला.

मग ती शांतता, जिच्यात दगड अजून वर असतात. पहिला दगड भरावापलीकडे पडला. दुसरा घळीच्या काठावर. मग पुष्कळ, लहान, एकेकटे, कुणी वरून मोजून टाकावे तसे. त्यांचे पडणे विरळ होत गेले, पण थांबले असे म्हणता येईना. पूर्वी चांगुणाने मान डोलावली की माणसे निर्धास्त उभी राहत. आता संपले हे सांगणारे कुणी नव्हते. श्रीमंतही बोलत नव्हता. भर दुपारी त्या घळीत आम्ही सगळे मातीत तोंड घालून पडून होतो आणि कुणालाही पहिले व्हायचे नव्हते.

"बन्सी," चांगुणा म्हणाली.

आक्काबाईचा श्वास अडकलेला मी ऐकला. त्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, कुठल्याही संकटात घेत नाहीत.

"बन्सी," ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने.

उत्तर आले नाही. माझ्या शेजारी मुरूम सरकला. मी तिचा पदर पकडला आणि म्हणालो, "खाली राहा, डोळा सांभाळ." पदर माझ्या हातातून निसटला. ती उठून उभी राहिली होती. कपाळ मातीला टेकलेले ठेवूनच मी कोनातून वर पाहिले. धूळ अजून खाली येत होती, आणि तिने चेहरा वर केला होता, फडके खाली ओढून, आपला एकुलता एक डोळा पुरता उघडा ठेवून.

कुठेतरी एक खडा पडला. ती हलली नाही.

बराच वेळ गेला, किंवा मला तसा वाटला. मग धुळीतून खोकल्याचा आवाज आला.

"हाय की," बन्सीचा आवाज म्हणाला. "नाव कशाला घेतीस लोकांत?"

"हाय," चांगुणा म्हणाली, त्याला नाही, आम्हाला. "उठा."

एकेक करून सगळे उठले. कपडे झटकू लागले, एकमेकांची तोंडे पाहू लागले. श्रीमंत धोंडा होता त्या जागेकडे चालत गेला. मी तसाच पडून राहिलो, भुवईवर हात धरून, कारण माझ्या कानांना वरती, फार उंच, काहीतरी अजून उतरताना ऐकू येत होते.